होल्डरमध्ये १२.४ व्होल्ट असूनही ब्रेक लाइट का लागत नाही?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. चोपड्याकडची तुमची दहा वर्षे जुनी हॅचबॅक आहे. तिचा डावा ब्रेक लाइट कधी लागतो, कधी लागत नाही. उजवा आणि मागच्या काचेवरचा तिसरा लाइट मात्र व्यवस्थित लागतात. तुम्ही दोन वेळा बल्ब बदलला, फ्यूज पाहिला, पेडलवरचा ब्रेक स्विच नवा टाकला आणि शेवटी बल्ब काढून होल्डरमध्ये मल्टीमीटर लावला, तेव्हा १२.४ व्होल्ट दिसले. आता तुम्हाला मागची सगळी वायरिंग बदलायला सांगितले आहे आणि ती बदलावी का, एवढेच तुम्ही विचारले आहे.

उत्तर आधी देतो: आताच बदलू नका. तुमच्या वर्णनावरून दोष बहुधा डाव्या टेललाइटच्या अर्थमध्ये, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत जाण्याच्या रस्त्यात, किंवा त्याच्या होल्डरमध्ये आहे, आणि तो तसा आहे की नाही हे दोन हात लांब वायरच्या तुकड्याने पाच मिनिटांत ठरवता येते. बहुधा म्हणतो, कारण गाडी माझ्यासमोर उभी नाही. जळगावात गेली सव्वीस वर्षे मी गाड्यांचे इलेक्ट्रिक काम करतो आणि ‘नक्की’ हा शब्द गाडीला हात लावण्याआधी वापरायचा नाही, हे या धंद्यात लवकर समजते.

वायरिंग बदलावी का, हा तुमचा खरा प्रश्न नाही. मीटर व्होल्टेज दाखवतो, तरी बल्ब का लागत नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळाले की काय बदलायचे ते आपोआप ठरेल.

आधी जे सुरळीत चालते आहे त्याकडे पाहू. ब्रेक लाइटचा करंट बॅटरीतून फ्यूजमध्ये, फ्यूजमधून पेडलजवळच्या स्विचमध्ये आणि तिथून एका वायरने मागे जातो. मागे गेल्यावर त्या वायरला फाटे फुटतात: एक डावीकडे, एक उजवीकडे, एक काचेवरच्या लाइटला. म्हणजे फ्यूज, स्विच आणि मागे जाणारी वायर हा तिघांचा सामाईक रस्ता झाला. ज्या क्षणी डावा लागत नाही त्याच क्षणी उजवा आणि वरचा लागत असेल, तर सामाईक रस्ता मोकळा आहे हे त्या दोन लाइटांनीच सांगून टाकले. स्विच बदलण्याचे कारण तिथेच संपले होते. मी हे तुम्हाला टोचण्यासाठी लिहीत नाही. ब्रेक लाइट म्हटला की आधी स्विच, हे समीकरण इतके रुळलेले आहे की चांगले कारागीरही त्याच वाटेने जातात. तिन्ही लाइट एकदम गेले असते तर मीही स्विचपासूनच सुरुवात केली असती.

आता तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहिलेली एक गोष्ट. रात्री हेडलाइट चालू असताना ब्रेक दाबला की डावा टेललाइट उलट विझल्यासारखा होतो आणि डावा इंडिकेटर किंचित पेटतो, पण ‘ते वेगळे काम आहे, नंतर पाहू’ असे तुम्ही म्हटले आहे. ते वेगळे काम नाही. तुमच्या पूर्ण वर्णनातला सर्वांत उपयोगी पुरावा तोच आहे.

त्याचे कारण असे. तुमच्या टेललाइटमध्ये दोन फिलामेंटचा बल्ब असणार, एक ५ वॅटची पार्किंगसाठी, म्हणजे रात्री सतत लागणाऱ्या टेललाइटसाठी, आणि दुसरी २१ वॅटची ब्रेकसाठी. दोन्ही फिलामेंटना करंट वेगवेगळ्या वायरींनी येतो, पण परत जाण्याचा रस्ता, म्हणजे अर्थ, दोघींना एकच. बहुतेक गाड्यांत त्या बाजूचा इंडिकेटरही तोच अर्थ वापरतो. हा अर्थ तुटला की करंट थांबत नाही, तो आडवाट शोधतो. पार्किंग चालू असताना ५ वॅटच्या फिलामेंटमधून आलेला करंट अर्थकडे जाऊ शकत नाही, म्हणून तो २१ वॅटच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो, ब्रेकच्या वायरने उजवीकडच्या ब्रेक बल्बपर्यंत पोहोचतो आणि तिथल्या चांगल्या अर्थमधून बाहेर पडतो. वाटेतल्या जाड फिलामेंट थंड असल्याने त्यांचा विरोध अगदी कमी असतो, त्यामुळे डावा टेललाइट जवळपास नेहमीसारखा पेटतो आणि पाहणाऱ्याला वाटते की अर्थ ठीक आहे. मग तुम्ही ब्रेक दाबता. आता ब्रेकच्या वायरमध्येही बारा व्होल्ट आले, ती आडवाट बंद झाली आणि डावा टेललाइट विझला. उरलेला थोडा करंट इंडिकेटरच्या बल्बमधून पुढच्या इंडिकेटरपर्यंत जाऊन अर्थ शोधतो, म्हणून तो मंद पेटतो. काळोखात कोणाला तरी गाडीच्या पुढे उभे करून ब्रेक दाबून पाहा. डावीकडचा पुढचा इंडिकेटरही किंचित तांबूस झालेला दिसण्याची दाट शक्यता आहे. आमच्या धंद्यात ‘अर्थ लागत नाही’ हे वाक्य दोन्ही अर्थांनी खरे ठरते ते असे.

दुसरे कोडे तुमच्या १२.४ व्होल्टचे. साध्या डिजिटल मल्टीमीटरचा आतला विरोध साधारण एक कोटी ओहम असतो, म्हणजे तो तपासताना सर्किटमधून जवळजवळ काहीच करंट घेत नाही. अशा वेळी मधल्या एखाद्या जोडाला गंज धरून तिथे दहा हजार ओहमचा अडथळा झालेला असला, तरी मीटर १२.३९ दाखवील आणि तुम्ही समाधानाने मीटर बंद कराल. तोच जोड २१ वॅटच्या बल्बला मात्र मुळीच पेटू देणार नाही, कारण त्या बल्बला पावणेदोन अँपियर करंट लागतो. त्याचा स्वतःचा तापलेला विरोधच सुमारे सात ओहम असतो, त्यामुळे जोडात पाच-सात ओहमचा अडथळा आला तरी निम्मे व्होल्टेज त्या जोडातच संपते.

तुमच्या भागात घरोघरी ठिबक आहे, तेव्हा तिकडचाच दाखला देतो. केळीच्या बागेत सब-मेनचा व्हॉल्व्ह बंद असताना प्रेशर गेज पाहिले, तर फिल्टर गाळाने भरलेला असला तरी काटा पूर्ण दाब दाखवतो, कारण पाणी वाहतच नसते. व्हॉल्व्ह उघडल्यावर काटा खाली येतो आणि तेव्हा कळते की फिल्टर चोंदला आहे. बल्ब काढून होल्डरमध्ये व्होल्टेज पाहणे म्हणजे बंद व्हॉल्व्हवर गेज वाचणे. शिवाय तुम्ही मीटरची काळी पिन कुठे टेकवली ते लिहिलेले नाही. ती बॉडीच्या एखाद्या बोल्टला टेकवली असेल, तर टेललाइटचा अर्थ तुम्ही तपासलाच नाही. होल्डरमधल्या अर्थच्या पट्टीला टेकवली असेल, तरी करंट वाहत नसल्याने निकाल तोच आला असता.

म्हणून तपासणी बल्ब होल्डरमध्ये ठेवून, कपलर (टेललाइटला वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा जोड) जोडलेला ठेवून आणि ब्रेक दाबलेला ठेवून करायची. मदतीला कोणी नसेल तर पेडल आणि सीट यांच्यामध्ये योग्य मापाची काठी अडकवता येते, पण ती फार वेळ ठेवू नका. २१ वॅटचा बल्ब अखंड जळत राहिला तर प्लॅस्टिकचा होल्डर चांगलाच तापतो.

पहिली तपासणी मीटरशिवायची. टेललाइटचे स्क्रू काढून तो बाहेर घ्या, कपलर मात्र जोडलेलाच राहू द्या. कपलरमध्ये येणाऱ्या वायरींपैकी अर्थची वायर बहुतेक गाड्यांत काळी असते. मात्र रंगावर पूर्ण विसंबू नका, ती कुठे जाऊन बॉडीला बसते ते डोळ्यांनी पाहून घ्या. दोन-तीन फूट वायरचा तुकडा घेऊन त्याचे एक टोक कपलरच्या मागच्या बाजूने अर्थच्या पिनेला टेकवा आणि दुसरे टोक डिक्कीतल्या एखाद्या उघड्या, रंग नसलेल्या बोल्टला दाबून धरा. ब्रेक लाइट लगेच पूर्ण उजेडाने पेटला आणि इंडिकेटरचे मंद पेटणे थांबले, तर कपलरपासून बॉडीपर्यंतचा अर्थ खराब आहे हे सिद्ध झाले. फरक पडला नाही, तर तेच टोक कपलरऐवजी होल्डरच्या आत, बल्बची पितळी टोपी जिला टेकते त्या पट्टीला लावा. आता पेटला, तर दोष कपलर आणि बल्ब यांच्या दरम्यान, म्हणजे होल्डरमध्येच आहे. अर्थच्या बाजूने असा तुकडा लावण्यात धोका नाही. हाच प्रयोग पॉझिटिव्हच्या बाजूने करायचा झाला, तर मात्र वायरमध्ये फ्यूज बसवल्याशिवाय करू नका.

दुसरी तपासणी मीटरची आहे आणि खरे सांगायचे तर माझा जास्त भरवसा तिच्यावर आहे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला लावा. पिन तिथपर्यंत पोहोचत नसेल तर लांब वायर जोडून घ्या. लाल पिन टेललाइटच्या अर्थच्या पिनेला लावा आणि ब्रेक दाबा. अर्थ निरोगी असेल तर ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत आकडा येतो. एक व्होल्ट आला तर कुठेतरी गंज आहे, आणि पाच-सहा किंवा त्याहून जास्त आले तर तो अर्थ फक्त नावाला उरला आहे. पुष्कळांना हा आकडा पाहून कोड्यात पडायला होते, कारण निगेटिव्ह वायरवर व्होल्टेज यायलाच नको असे त्यांना वाटते. पण बल्बमधून आलेल्या करंटला पुढे जायला जागा नसली की तो दाब तिथे साठणारच. पॉझिटिव्हची बाजू पाहायची तर लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि काळी पिन होल्डरमधल्या ब्रेकच्या पिनेला लावा. वाटेत फ्यूज, स्विच आणि लांब वायर असल्याने इथे अर्धा व्होल्टपर्यंतची घट मी चालवून घेतो.

तुमचा दोष येतो-जातो, ही यातली मोठी अडचण आहे. पारोळ्याकडचा एक गाडीवाला मला म्हणाला होता, “भाऊ, हाऊ लाइट मनना धनी शे, मन व्हयनं ते लागस, नही ते नही.” असा मनाचा मालक असलेला लाइट कारागिराच्या दारात आला की हमखास लागतो. म्हणून दोष हजर असताना मोजलेला आकडाच खरा धरायचा. मीटर लावून ठेवा आणि टेललाइटवर मुठीने हलके ठोका, हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, थोडा हलवा, पाचवा (डिक्कीचा) दरवाजा उघडबंद करा. ज्या हालचालीला आकडा उडी मारतो तिथे दोष आहे.

अर्थ खराब का होतो, याची कारणे आपल्या भागात ठरलेली आहेत. खानदेशातल्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या गाडीचे टेललाइटमागचे रबर काही वर्षांत कडक होऊन भेगाळते. तोवर काही कळत नाही. मग पावसाळा येतो किंवा सर्व्हिसिंगला जोराच्या पाण्याने गाडी धुतली जाते आणि पाणी त्या भेगेतून आत जाऊन कपलरच्या पिनांवर बसते. दिवाळीपर्यंत पिनांवर हिरवट पूड आलेली असते. त्यात शेतरस्त्यावरची बारीक धूळ मिसळली की ओलावा धरून ठेवणारा एक थरच तयार होतो.

दुसरे कारण मी माझ्या चुकीतून शिकलो. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत एरंडोलकडची एक गाडी अशाच तक्रारीने आली. मी बल्ब बदलला, होल्डर बदलला, एक नवी पॉझिटिव्ह वायरही ओढली, आणि गाडी तीन वेळा परत आली. शेवटी डिक्कीतले अस्तर पूर्ण काढल्यावर दिसले की मागची डावी बाजू अपघातानंतर रंगवलेली होती आणि रंगाऱ्याने अर्थचा बोल्ट काढून, रंग मारून, रंगावरच पुन्हा कसला होता. बोल्टच्या आट्यांमधून जेवढा स्पर्श होत होता तेवढ्यावर ५ वॅटचा दिवा निभावून जात होता, २१ वॅटचा नाही. बोल्ट सोडवला तेव्हा त्याखाली अर्थच्या गोल टर्मिनलचा ठसा रंगात अगदी नाणे दाबावे तसा उमटलेला होता. पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासून पत्रा उघडा केला आणि काम संपले. तेव्हापासून एका बाजूचाच लाइट त्रास देत असेल, तर माझा पहिला प्रश्न असतो: या बाजूला कधी डेंटिंग-पेंटिंग झाले आहे का? तुम्हीही तेच आठवून पाहा.

होल्डरबद्दल थोडे. त्यातल्या पितळी पट्ट्या स्प्रिंगसारखा ताण धरून बल्बला टेकतात. वर्षानुवर्षे तापल्यामुळे हा ताण जातो आणि पट्टी तपकिरी-काळी पडते. बल्ब काढून त्याच्या बुडाकडे पाहा: शिशाचे दोन ठिपके स्वच्छ आणि गोल असायला हवेत. ते खड्डा पडल्यासारखे किंवा जळल्यासारखे दिसले, तर तिथे ठिणगी पडत होती. पट्टी बारीक पॉलिश पेपरने घासून टोकाने किंचित वर उचलली की काम भागते. पण भोवतीचे प्लॅस्टिक वितळून पट्टी हलायला लागली असेल, तर होल्डर बदलण्याला पर्याय नाही. वाकवलेली पट्टी अशा वेळी आठवडाभर साथ देते आणि नेमकी लांबच्या प्रवासात सोडते.

बल्ब तुम्ही दोनदा बदलला असला तरी एकदा उजवीकडचा चालू बल्ब डावीकडे लावून पाहा. स्वस्त बल्बांत एक फिलामेंट तुटून दुसरीवर पडलेली असते, तेव्हाही असेच चमत्कार दिसतात. आणि तो दोन फिलामेंटचाच आहे ना, याची खात्री करा. त्याच्या बाजूच्या दोन खुंट्या वेगवेगळ्या उंचीवर असतात. एकाच फिलामेंटचा २१ वॅटचा बल्ब जोर लावून त्या होल्डरमध्ये बसवणारे लोक मी पाहिले आहेत. त्याच्या बुडाशी एकच मोठा ठिपका असल्याने तो पार्किंग आणि ब्रेकच्या पिना एकमेकींना जोडून टाकतो, आणि मग ब्रेक दाबला की डॅशबोर्डही उजळतो.

आतापर्यंतचे सर्व साध्या वायरिंगच्या गाडीला लागू आहे आणि दहा वर्षे जुनी हॅचबॅक बहुधा तशीच असते. काही गाड्यांत मात्र ब्रेक स्विचची वायर थेट लाइटला न जाता कंट्रोल युनिटला जाते आणि ते युनिट प्रत्येक बल्बला स्वतंत्र करंट देते. काही गाड्यांत एकच फिलामेंट वेगाने चालू-बंद करून तिचाच पार्किंग आणि ब्रेक असा दुहेरी उपयोग केलेला असतो. तिथे मीटरवर दिसणारा आकडा सरासरीचा असतो. अशा गाडीत उजवा लागतो म्हणून डाव्याचा पॉझिटिव्ह निर्दोष, असे म्हणता येत नाही, आणि वायरला सुई टोचून करंट पाहण्याची सवयही महागात पडू शकते. कारखान्यातून आलेला पूर्ण एलईडी टेललाइट असेल, तर आत बदलण्यासारखा बल्बच नसतो. तेव्हा कपलरपर्यंत दोन्ही बाजू नीट येतात का, एवढेच आपण पाहू शकतो. नंतर बसवलेला रिव्हर्स कॅमेरा, एलईडी पट्टी किंवा ओढगाडीचे सॉकेट असेल, तर त्यासाठी टेललाइटच्या वायरीला कुठे चिमटा मारला आहे ते सर्वांत आधी पाहा. माझा अनुभव असा की दोष त्या चिमट्याच्या वीतभर अंतरात सापडतो.

तेव्हा तुमच्यापुरता क्रम असा ठेवा: डावीकडच्या रंगकामाची आठवण, मग उजवीकडचा बल्ब डावीकडे, मग वायरच्या तुकड्याने अर्थ, मग मीटरने दोन्ही बाजूंची घट. यातून दोष पॉझिटिव्हच्या बाजूला निघाला, तरी संपूर्ण हार्नेस बदलण्याची वेळ क्वचित येते. हॅचबॅकमध्ये टेललाइट बॉडीवर आहे की पाचव्या दरवाजावर, यावर मात्र बरेच अवलंबून आहे. तो दरवाजावर असेल, तर बिजागराजवळच्या रबरी नळीतून जाणाऱ्या वायरी दरवाजाच्या उघडझापीने आतल्या आत तुटतात. वरचे आवरण शाबूत असते आणि आतली तांब्याची तार तुटलेली असते. ती नळी सोडवून प्रत्येक वायर हलकेच ओढून पाहा. तुटलेली वायर रबरासारखी ताणली जाते.

दुरुस्ती करताना वायरींना पीळ देऊन वर टेप गुंडाळू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टेपचा चीक वितळतो, टेप सरकते आणि जोड उघडा पडतो. मग हात चिकट होतात आणि दोष परत येतो. वायर डाग देऊन किंवा योग्य टर्मिनल चिमटून जोडा आणि वर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवा. अर्थसाठी नवी वायर टाकायची झाल्यास एक चौरस मिलिमीटरची पुरते. ती बॅटरीपर्यंत नेण्याची गरज नाही; जवळच्या जाड पत्र्यावर जागा घासून, दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट कसा आणि कसल्यानंतर वरून व्हॅसलीन लावा. व्हॅसलीन आधी लावणारेही आहेत. माझा हिशेब असा की आधी धातूला धातू भिडू द्यावा आणि मग पाण्याला अडवावे.

ज्यांचा दोष तुमच्यापेक्षा वेगळा आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. ब्रेक दाबताच फ्यूज उडत असेल, तर जास्त अँपियरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा कधीही घालू नका. त्याने वायर जळते, दोष जात नाही. फ्यूजच्या जागी दोन वायरींनी २१ वॅटचा एक बल्ब जोडा आणि ब्रेक दाबून धरा. कुठे शॉर्ट असेल तर हा बल्ब पूर्ण उजेडाने पेटतो आणि करंटला मर्यादा घालतो, त्यामुळे काही जळत नाही. मग एकेक कपलर सोडत जा आणि हार्नेस हलवत जा. ज्या क्षणी तो बल्ब मंद होईल किंवा विझेल तिथे शॉर्ट आहे. शिरपूरच्या एका गाडीचा फ्यूज फक्त डिक्की भरल्यावर उडायचा. सामानाच्या दाबाने आतले अस्तर वायरवर टेकत होते आणि मागे पत्र्याच्या धारेने वायर सोललेली होती. रिकामी गाडी कितीही तपासली असती तरी तो दोष हाती लागला नसता. आणि ऑटोमॅटिक गाडीत तिन्ही ब्रेक लाइट बंद असून गिअरचा दांडा ‘पी’ (पार्क) मधून निघतच नसेल, तर तिथे मात्र ब्रेक स्विच किंवा त्याचा फ्यूज यांच्यावरच संशय घ्या.

तुम्ही स्विच नवा टाकला आहे, म्हणून एक गोष्ट आज रात्रीच पाहा. पेडल मोकळे असताना या स्विचचा दांडा दाबलेला राहायला हवा; पेडल खाली गेले की तो बाहेर येतो आणि लाइट लागतात. स्विच बसवताना अंतर चुकले, किंवा पेडलवर ज्या ठिकाणी दांडा टेकतो तिथली छोटी रबरी अथवा प्लॅस्टिकची टिकली जुनी होऊन चुरा झाली, तर ब्रेक लाइट पेटलेलेच राहतात. बहुतेक गाड्यांत ब्रेक लाइटला चावीची गरज नसते, त्यामुळे हे गाडी बंद असतानाही चालू राहते. दोन २१ वॅटचे बल्ब आणि वरचा तिसरा मिळून साधारण चार अँपियर घेतात. ३५ अँपियर-तासांची बॅटरी एका रात्रीत रिकामी करायला तेवढे पुरेसे आहे. गाडी लॉक करून मागे जाऊन एकदा पाहा, आणि पेडलच्या खाली पायपुसणीवर प्लॅस्टिकचे पांढरे-निळे तुकडे पडले आहेत का, तेही पाहा.

काम होईपर्यंत बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गावर रात्री गाडी काढावी लागली, तर ब्रेक एकदम न दाबता आधी हलका दाबून मागच्याला सूचना देत चला. डावा टेललाइट ब्रेकसोबत विझत असल्याने मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुमच्या गाडीची रुंदीच चुकीची दिसते. तपासणी झाली की मला तीन गोष्टी कळवा: दोष हजर असताना अर्थच्या पिनेवर किती व्होल्ट आले, पॉझिटिव्हच्या बाजूने किती घट आली, आणि वायरचा तुकडा लावल्यावर काय झाले. जुना स्विच फेकून दिला नसेल तर जपून ठेवा. तो बहुधा चांगलाच आहे.